"शरीराले झोपवा ना मॅडम": वाडीच्या एका पेशंटची पूर्ण केस

डिसेंबरचा पहिला आठवडा होता, ओपीडी संपत आली होती आणि चार जण एकदमच आत आले. पेशंट, तिचा नवरा, सासू आणि तिचे वडील. पेशंट २७ वर्षांची, राहायला नागपूरजवळच्या वाडीला, नवरा हिंगणा एमआयडीसीत नोकरीला, माहेर काटोलकडचं, वडिलांची संत्र्याची बाग. सात आठवड्यांची प्रेग्नन्सी. टेबलावर दोन फाइली ठेवल्या त्यांनी, एक जाड, कोपरे दुमडलेली, मागच्या बाळंतपणाची, आणि दुसरी पातळ चकचकीत, कुठल्याशा ठिकाणी सांगितलेल्या पॅकेजची. ओळख पटेल असे तपशील बदलून आणि घरच्यांना विचारून ही केस लिहितेय, कारण यातला प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच आणि त्याचं उत्तर आपण डॉक्टर लोक फार घाईत देतो.

मागची प्रेग्नन्सी २८ व्या आठवड्यात संपली होती. बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन तीन प्लस, बाळाची वाढ चांगलीच मागे पडलेली, आणि ज्या रात्री ॲडमिट केलं त्याच रात्री ठोके बंद झाले. बाळ ७०० ग्रॅमचं होतं. फाइलमध्ये बीपीचा चार्ट होता, औषधांची यादी होती, डिस्चार्जची तारीख होती, पण वारेबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. वार पॅथॉलॉजीला पाठवलीच नाही, कुठे गेली कोणालाच माहीत नाही. याचा मला खरंच राग येतो. काय बिघडलं ते जिथे दिसलं असतं तीच वस्तू आपण बादलीत टाकून मोकळे होतो आणि मग दोन वर्षांनी ती बाई पुन्हा पोटुशी राहून समोर बसते तेव्हा आपल्याकडे सांगायला काहीच नसतं.

पातळ फाइलमध्ये एक रक्ताची तपासणी होती. एनके सेल्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) "वाढलेल्या". त्यावर सल्ला असा की नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी काढून बायकोला टोचायच्या, इंट्रालिपिडच्या, म्हणजे चरबीच्या द्रवाच्या, सलाईन लावायच्या, वरून स्टेरॉइड, आणि या सगळ्याचा खर्च इतका की वडील म्हणाले, "अख्ख्या बहाराचे पैसे जातात, पण पोरीपेक्षा जास्त नाही, तुम्ही फक्त हो म्हणा." सासूबाई मात्र थेट मुद्द्यावर आल्या. "तिथं सांगितलं का हिचंच शरीर बाळाले परकं समजून मारून राहिलं. मंग शरीराले झोपवा ना मॅडम, काहून वाट पाहता?"

मी त्यांना आधी एवढंच विचारलं की काकू, तुमचा हा मुलगा, तुमच्या समोर बसलाय, याच्यात अर्धा हिस्सा याच्या बाबांचा, मग तुमच्या शरीराने याला कुठे मारलं? तुमच्या शरीराला कोणी झोपवलं होतं का? त्या गप्प झाल्या. पण प्रश्न खोटा नव्हता. १९५३ साली पीटर मेडावार यांनी हाच विचारला होता, की दुसऱ्याची कातडी लावली तर शरीर ती फेकून देतं, मग अर्धं परकं असलेलं बाळ नऊ महिने कसं काय चालतं. तेव्हापासून बरीच वर्षं बहुतेकांच्या डोक्यात हेच बसलं की गरोदरपणात आईची इम्युनिटी दबलेली असते आणि जिथे ती दबत नाही तिथे बाळ जातं. कॅनडात एडमंटनला टॉमस वेगमन म्हणून होते, त्यांनी १९८० च्या दशकात याच्या बरोबर उलट बाजूने विचार केला. आईच्या पांढऱ्या पेशी जी सायटोकाइन्स सोडतात त्यातली काही वारेला वाढवतात असं त्यांचं म्हणणं, म्हणजे आईची इम्युनिटी वारेला खाऊ घालते. त्यांचीच १९९३ ची टीएच-१ आणि टीएच-२ वाली मांडणी जास्त गाजली, एक गट भांडखोर आणि एक गट शांत, गरोदरपणात शांत गट वरचढ. ती नंतर फार ढोबळ निघाली. पण खाऊ घालण्याची गोष्ट टिकली, आणि मला या घराला तीच समजावून सांगायची होती.

सायटोकाइन म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेली चिठ्ठी. टीएनएफ-अल्फा, इंटरफेरॉन-गॅमा, आयएल-१०, एलआयएफ, जीएम-सीएसएफ ही सगळी त्या चिठ्ठ्यांची नावं. चिठ्ठी वाचून समोरची पेशी काय करते हे तीन गोष्टींवर ठरतं: ती पेशी कोण आहे, चिठ्ठ्या किती आल्या आणि महिना कितवा चालू आहे. वारेच्या बाबतीत तर बऱ्याच चिठ्ठ्यांमध्ये एकच काम लिहिलेलं असतं, ग्रोथ फॅक्टर बनव किंवा बनवणं थांबव. त्यातले आपल्या कामाचे दोन, व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ. दोघंही रक्तवाहिन्या वाढवणारे, पीएलजीएफच्या नावातच प्लासेंटा आहे, १९९१ साली इटलीत नेपल्सच्या लॅबमध्ये तो सापडला.

अगदी सुरुवातीलाच बघा. गर्भ गर्भाशयाला चिकटायचा असतो तेव्हा तिथल्या अस्तरात एलआयएफ नावाचं सायटोकाइन लागतं. १९९२ साली असे उंदीर तयार केले ज्यांच्यात एलआयएफचं जीनच नव्हतं. माद्यांमध्ये गर्भ तयार व्हायचे, चांगले निरोगी व्हायचे, पण चिकटायचेच नाहीत, आणि तेच गर्भ साध्या उंदरिणीच्या पोटात ठेवले की चिकटून वाढायचे. म्हणजे इम्यून सिस्टिमची चिठ्ठी आली नाही तर गरोदरपण सुरूच होत नाही.

मग येतात एनके सेल्स, ज्यांच्यामुळे या घराची झोप उडाली होती. पूर्ण नाव नॅचरल किलर. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात जेवढ्या पांढऱ्या पेशी असतात त्यातल्या साधारण ७० टक्के याच असतात, आता याच जर बाळ मारत असत्या तर जगात कोणीच जन्माला आलं नसतं. रक्तातल्या एनके आणि गर्भाशयातल्या एनके नावाने बहिणी पण कामाने वेगळ्या. रक्तातल्या बहुतेक मारणाऱ्या. गर्भाशयातल्या जवळजवळ मारतच नाहीत, त्या व्हीईजीएफ सोडतात, पीएलजीएफ सोडतात, आयएल-८ सोडून वारेच्या पेशींना आत बोलावतात, थोडा इंटरफेरॉन-गॅमा सोडून गर्भाशयाच्या वळणदार रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतात. ज्या उंदरिणींमध्ये एनकेच नाहीत त्यांच्या या रक्तवाहिन्या अरुंदच राहतात आणि बाहेरून इंटरफेरॉन-गॅमा दिला की रुंद व्हायला लागतात, हे २००० साली दाखवून झालंय. म्हणून दंडातून रक्त काढून एनके मोजणं आणि त्यावरून गर्भाशयात काय चाललंय ते सांगणं, याला मी तरी काही अर्थ देत नाही, आणि वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांसाठीच्या युरोपियन गाइडलाइनमध्येही ही तपासणी करा असं सांगितलेलं नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याला तर तिथे स्पष्ट नकार आहे.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला वाचली तेव्हा थक्क करून गेली होती. एनके पेशींवर केआयआर नावाचे रिसेप्टर असतात आणि वारेच्या पेशींवर एचएलए-सी नावाची ओळखचिठ्ठी, त्यात वडिलांकडून आलेला भागही असतो. २००४ साली केंब्रिजच्या लोकांनी दाखवलं की आईचे केआयआर एए प्रकारचे, म्हणजे जास्त करून एनकेला थांबवणारे, आणि बाळाचं एचएलए-सी सी-२ नावाच्या गटातलं असेल तर प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाण्याच्या आजाराचा, धोका वाढतो. याचा अर्थ नीट लावा. एनके जास्त भडकल्या म्हणून धोका वाढला असं नाहीये, एनके जास्त दबल्या म्हणून वाढला. आणि ज्या आईंमध्ये एनकेला चालना देणारा रिसेप्टर असतो त्यांच्या एनके जीएम-सीएसएफ सोडतात आणि त्या चिठ्ठीवर वारेच्या पेशी जास्त आत शिरतात. म्हणजे पॅकेजवाल्या फाइलीत जे दाबायला सांगितलं होतं त्यातलं काही तर उलट हवंहवंसं होतं.

हे सगळं मी एवढं सलग नाही सांगितलं, कागदावर चित्रं काढत, थांबत थांबत सांगितलं. वडील इतका वेळ काहीच बोलले नव्हते. ते एकदम म्हणाले, "म्हणजे ताणासारखं हाय का मॅडम हे?" मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, पानं मलूल पडली की मग पाणी सोडायचं आणि मग फूल फुटतं. "ताण नाही बसला त फूल येत नाही. जास्त बसला त झाडच वाळते. अन् फूल आल्यावर ताण पडला त फळ गळून जाते." त्यांच्या बागेत त्याच आठवड्यात पाणी तोडलेलं होतं. मी खरंच पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवताना मी जे अर्ध्या तासात सांगते ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं होतं, वेळसुद्धा बरोबर लावून, कारण पहिल्या तीन महिन्यांत जी थोडी सूज आणि थोडी धग वारेला हवी असते तीच सातव्या महिन्यात आली तर फळ गळतं.

आता ती उशिरा येणारी धग काय करते ते बघू, कारण तिच्या पहिल्या बाळाच्या वेळी बहुतेक हेच झालं असणार. वळणदार रक्तवाहिन्या पुरत्या रुंद झाल्या नाहीत की पुढे वारेला रक्त झटक्या-झटक्याने मिळतं, कधी ऑक्सिजन कमी कधी एकदम जास्त. शरीरात इतर ठिकाणी ऑक्सिजन कमी पडला की व्हीईजीएफ वाढतो, म्हणजे नवीन रक्तवाहिन्या आण. वारेच्या पेशी पीएलजीएफच्या बाबतीत उलट वागतात, ऑक्सिजन कमी झाला की त्यांचा पीएलजीएफ घटतो, म्हणजे गरज असते नेमकं तेव्हाच उत्पादन बसतं. अशी त्रासलेली वार टीएनएफ-अल्फा सोडते, आईच्या पांढऱ्या पेशीही सोडतात, आणि टीएनएफ पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच चालू करतो. आयएल-१० जे हे शांत करायला हवं ते अशा वारेत कमी सापडतं. मग वार एसएफएलटी-१ नावाचं प्रोटीन भरमसाट बनवायला लागते.

हे एसएफएलटी-१ समजलं की प्रीएक्लॅम्प्सिया निम्मा समजतो. ग्रोथ फॅक्टरला पकडणारा जो रिसेप्टर पेशीच्या अंगावर बसलेला असतो त्याचाच हा खालचा भाग नसलेला तुकडा, कुठेच न बसता रक्तात मोकळा फिरणारा. दिसेल तो पीएलजीएफ आणि व्हीईजीएफ पकडून ठेवतो, पुढे जाऊच देत नाही. आणि व्हीईजीएफ फक्त वारेलाच लागतो असं नाही, आईच्या किडनीतल्या गाळणीच्या बारीक रक्तवाहिन्या रोजच्या व्हीईजीएफवरच तग धरून असतात. तो मिळेनासा झाला की गाळणी सुजते आणि लघवीतून प्रोटीन जायला लागतं. २००३ साली अनंत करुमंची यांच्या बोस्टनच्या टीमने गाभण उंदरांच्या शरीरात फक्त हे एक प्रोटीन वाढवलं आणि त्यांना बीपी झालं, लघवीत प्रोटीन आलं, किडनीत तीच सूज दिसली जी आपण बायकांमध्ये बघतो. दुसरीकडे गाभण उंदरांना टीएनएफ टोचलं तरी बीपी वाढतं, पण गाभण नसलेल्यांना तेवढंच टोचलं तर वाढत नाही. म्हणजे टीएनएफला हे करायला वार लागते.

एक लॅबमधला प्रयोग मला फार आवडतो, जुना आहे, १९९० च्या दशकातला, तोही एडमंटनचाच. बशीत वारेच्या पेशी वाढवल्या, त्यावर टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा एकत्र टाकलं तर पेशी मरायला लागल्या. तेच दोन्ही टाकलं आणि सोबत ईजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर टाकला तर तेवढ्या मेल्या नाहीत. चिठ्ठ्या त्याच, फक्त ग्रोथ फॅक्टर शेजारी होता. म्हणून सायटोकाइन "चांगलं की वाईट" असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, त्या वेळी तिथे ग्रोथ फॅक्टर किती होता?

बरं, परत पेशंटकडे. पॅकेज नाही करायचं ठरलं. पण इम्युनिटीमुळे कधीच काही होत नाही असंही मी म्हटलं नाही, कारण एक आजार खरोखर आहे, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, त्यात आईच्या अँटिबॉडी वारेला त्रास देतात आणि त्यावर ॲस्पिरिन आणि हेपॅरिनचा चांगला उपचार आहे. २८ आठवड्यांला बाळ गेलेल्या बाईची ही तपासणी झालीच पाहिजे आणि नेमकी तीच कुठल्याच फाइलीत नव्हती. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, अँटि-बीटा-२, तिन्ही केल्या, तिन्ही निगेटिव्ह. आपल्या विदर्भात सिकल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, तपासल्याशिवाय पुढे जायचंच नाही, ती सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली, इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एएस, म्हणजे नुसती वाहक, नवरा एए, म्हणजे त्याच्यात सिकल नाही. सिकल एसएस, म्हणजे पूर्ण आजार, असता तर अजून एक भानगड होती, त्या आजारात बोनमॅरोमधल्या लहान लाल पेशी स्वतःच पीएलजीएफ बनवतात, तेव्हा रक्तातला पीएलजीएफचा आकडा वाचताना ते डोक्यात ठेवावं लागतं. हिच्यात तो प्रश्न नव्हता.

१२ व्या आठवड्यात, जानेवारीत, बीपी दोन्ही हातांवर, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि रक्तातला पीएलजीएफ असं सगळं केलं. पीएलजीएफ त्या आठवड्याच्या मानाने कमी, डॉपलरमध्ये अडथळा जास्त. मागचा इतिहास धरून धोका बराच वरचा. रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू केलं, ३६ आठवड्यांपर्यंत. याला २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासाचा आधार आहे, १७७६ बायका होत्या, ३७ आठवड्यांच्या आत प्रीएक्लॅम्प्सिया झाला तो औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवाल्यांमध्ये ४.३ टक्के आणि ॲस्पिरिनवाल्यांमध्ये १.६ टक्के. सासूबाईंना एवढ्याशा स्वस्त गोळीवर विश्वासच बसेना. "एवढ्यानं काय होते बाप्पा?" मी सांगितलं, ही गोळी रक्त थोडं पातळ ठेवते एवढंच नाही, ऑक्सिजन कमी असताना वारेच्या पेशी जे एसएफएलटी-१ सोडतात ते ॲस्पिरिनने कमी होतं असं लॅबमध्ये दिसलंय, पण गोळी १६ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी, रक्तवाहिन्यांचं बरंचसं काम तेव्हाच चालतं म्हणा ना. सोबत कॅल्शियम. नवऱ्याने घरी बीपीचं मशीन घेतलं आणि एका शाळेच्या वहीत रोज सकाळ-संध्याकाळ लिहायला लागला, निळ्या पेनने सकाळ, लाल पेनने संध्याकाळ. ती वही पुढे फार कामाला आली.

फेब्रुवारी, मार्च छान गेले. २० आठवड्यांचा स्कॅन नॉर्मल, डॉपलर अजूनही जरा घट्ट पण आधीपेक्षा बरा. २४ आठवडे गेले, २८ गेले. २८ वा आठवडा गेला त्या दिवशी ती ओपीडीत बसून नुसती रडली, काही झालं नव्हतं, फक्त मागच्या वेळचा तो दिवस ओलांडला होता. मीही थोडा वेळ काही बोलले नाही.

मेच्या मध्यात, ३० व्या आठवड्यात पाय सुजले आणि बीपी १३६/८८. नागपूरचा मे महिना, बाहेर ४४-४५, सगळ्यांचेच पाय सुजलेले असतात, म्हणून इथेच माणूस फसतो. एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफचं गुणोत्तर पाठवलं. स्वस्त तपासणी नाही ही, म्हणून मी सरसकट करत नाही, शंका असेल तेव्हाच करते. २०१६ च्या अभ्यासाप्रमाणे हा आकडा ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होणार नाही असं ९९.३ टक्के खात्रीने म्हणता येतं. हिचा आला १४. म्हणजे वार अजून पुरेसा पीएलजीएफ बनवत होती आणि एसएफएलटी-१ आवाक्यात होतं. घरी पाठवलं, आठवड्यातून एकदा बोलावलं. पातळ फाइलच्या नादाने जर स्टेरॉइड चालू असतं तर याच बीपीचा आणि याच सुजेचा अर्थ लावताना मी किती गोंधळले असते, ते त्या दिवशी फार जाणवलं.

जूनमध्ये मृग लागून गेला तरी पाऊस नव्हता. ३४ आठवडे झालेले. दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं. घरात सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. सासूबाईंनी कैरीचं पन्हं दिलं, तळपायाला कांदा चोळला, कूलरसमोर झोपवलं. यात त्यांची चूक काहीच नाही, आपल्याकडे जूनमध्ये डोकं दुखलं तर शंभरातले नव्वद जण हेच म्हणतील. नवरा कंपनीतून संध्याकाळी आला, सवयीने मशीन लावलं, लाल पेनने वहीत १५६/१०४ लिहिलं आणि पन्ह्याचा ग्लास तसाच ठेवून तिला स्कूटरवर नाही तर शेजाऱ्याची गाडी मागून घेऊन आला.

आमच्याकडे पुन्हा १५ मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजलं, तेच. लघवीत प्रोटीन दोन प्लस. प्लेटलेट १ लाख ६० हजार, लिव्हरच्या तपासण्या ठीक. स्कॅनमध्ये बाळाचं वजन खालच्या पाच टक्क्यांच्या आसपास, नाळेतला प्रवाह घट्ट पण उलटा नाही, बंदही नाही. गुणोत्तर १२६, ३४ आठवड्यांनंतर ११० च्या वर गेलं की निदान पक्कं धरतात. मेमध्ये १४, जूनमध्ये १२६. महिन्याभरात वारेचं माप असं फिरलं. बीपीसाठी लॅबेटालॉल सुरू केलं, ॲडमिट केलं, बाळाच्या फुफ्फुसांसाठी बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम, २४ तासांनी दुसरा डोस. सासूबाईंनी विचारलं, "तवा स्टेरॉइड नको म्हणत होत्या, आता काहून देऊन राहिल्या?" प्रश्न बरोबर होता आणि मला आवडला. सांगितलं, तेव्हा ते वारेला दाबायला होतं आणि महिनोन् महिने होतं, आता ते बाळाच्या फुफ्फुसाला पिकवायला आहे आणि फक्त दोन डोस आहेत. "ताणासारखं," त्या म्हणाल्या, व्याह्यांचं वाक्य त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

३५ आठवडे आणि दोन दिवसांवर रात्री बीपी १६८/११० झालं, डोळ्यांसमोर चमकायला लागलं. थांबण्यात अर्थ नव्हता. मॅग्नेशियम सल्फेट लावलं, आकडी येऊ नये म्हणून, २००२ च्या दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासात याने आकडीचा धोका निम्म्याहून खाली आला होता आणि आजही याच्या तोडीचं दुसरं काही नाही. कळा आणल्या, पहाटे नॉर्मल डिलिव्हरी झाली. मुलगी, १ किलो ८८० ग्रॅम, लगेच रडली. एनआयसीयूत नऊ दिवस.

आणि वार. या वेळी सिस्टरला आधीच बजावून ठेवलं होतं की वार कुठेही जाणार नाही. ट्रेमध्ये घेतली, पाण्याने धुतली, गुठळ्या काढल्या, वजन ३१० ग्रॅम, या आठवड्याला कमीच. आईकडची बाजू वर करून बोट फिरवत गेले. बहुतेक सगळीकडे मऊ, गडद लाल, स्पंजासारखी. कडेला एका जागी बोट अडकलं, फिकट, पिवळसर, रबरासारखं चिवट, सुपारीएवढं. कापलं तर आतून दाणेदार कोरडं. रक्त न पोचल्याने मेलेला भाग. पेशंट टेबलावर पडून बघत होती, म्हणाली, "मला दाखवा." दाखवलं. तिने विचारलं, "मागच्या वेळी असंच सगळं असेल का?" मी म्हटलं, मागच्या वेळची असती तर सांगता आलं असतं. ती बराच वेळ त्या ट्रेकडे बघत होती. मग फॉर्मॅलिनच्या डब्यात घालून नाव, आठवडे, बीपी, गुणोत्तराचे दोन्ही आकडे लिहून पाठवली. सासूबाईंना नाळ अंगणात पुरायची होती, तपासणीला वार पूर्ण लागते म्हणून समजावलं, शेवटी बाळाच्या बेंबीची सुकून पडलेली नाळ त्यांनी वाडीच्या घराच्या मागे पुरली.

बारा दिवसांनी रिपोर्ट आला. एक इन्फार्क्ट, तोच जो हाताला लागला होता. आईकडच्या अस्तरातल्या एका वळणदार रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी भरलेल्या मॅक्रोफेज पेशी, ज्याला ॲक्यूट ॲथेरोसिस म्हणतात, म्हणजे इम्यून सिस्टिमच्याच पेशी पण चुकीच्या वेळी चुकीच्या जागी साठलेल्या. बाकीच्या दिसल्या तेवढ्या रक्तवाहिन्या बऱ्यापैकी रुंद झालेल्या. आजार आला, पण २८ ऐवजी ३४ ला आला आणि सहा आठवड्यांनी पुढे ढकलला गेला. ॲस्पिरिनमुळे की पहिल्या बाळंतपणाने गर्भाशय आधीच थोडं तयार होतं म्हणून, एका केसवरून ते मी वेगळं करू शकत नाही आणि करणारही नाही.

सहा आठवड्यांनी आली तेव्हा बीपी १२४/८०, लघवीत प्रोटीन नाही, गोळ्या बंद केल्या. मुलगी २ किलो ९०० झालेली, कापडात गुंडाळून आजोबांच्या मांडीवर. फाइलमध्ये वारेचा रिपोर्ट सगळ्यात वर लावून दिला आणि लाल शाईने दोन गोष्टी लिहिल्या: पुढच्या प्रेग्नन्सीत १२ व्या आठवड्यालाच यायचं, आणि प्रेग्नन्सी असो नसो दर वर्षी बीपी आणि शुगर बघायची, कारण प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढे आयुष्यात बीपी आणि हार्टचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. नवऱ्याने ती निळ्या-लाल पेनची वहीही फाइलमध्ये टाकली. त्यात अजून बरीच कोरी पानं होती, तो म्हणाला हिच्या आईचंही मोजायला सुरुवात करतो आता.